रायवळ आणि बॅटरी

माझं वजन पन्नास किलो होतं तेव्हा आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या रायवळ आंब्यावर मी सरसर चढायचो. आता मी ब्याण्णव आणि झाड तिसऱ्या मजल्यापर्यंत. दोघांनीही खाल्लेल्या खताचं चीज केलंय.

यंदाच्या मे महिन्यात भाचा दोरावर चढायचं, बॅटरीवर चालणारं यंत्र घेऊन आला. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांच्या काचा तो दोराला लटकून पुसतो. "मामा, सोप्पंय. दोर जागेवरच राहतो. आतलं खाचांचं चाक त्याला धरून फिरतं. बटण दाबलं की वर, सोडलं की थांबला."

दोर वर कोण नेणार, हे मी विचारलं नाही.

यंत्र माणसाला दोरावर चढवतं. दोराला झाडावर चढवत नाही. त्यासाठी बारीक दोरी बांधलेली वजनाची पिशवी दणकट फांदीवरून पलीकडे फेकायची आणि तिच्यामागून 11 मिलिमीटरचा जाड दोर ओढून घ्यायचा. म्हणजे एवढं महागडं यंत्र अडलं कुठे, तर कैऱ्या पाडायच्या नेमापाशी! माझी पहिली पिशवी तुळशीत गेली, दुसरी पहिल्या मजल्यावर वाळत घातलेल्या कुरडयांत. तिसरी अजून वरच आहे. शेवटी वॉचमनच्या दहा वर्षांच्या पोराने एका फेकीत काम केलं आणि चेंडू मागायला निघून गेला.

फांदी तपासायला भाचा आणि वॉचमन जोडीने दोराला लोंबकळले. मी पडलो तर आवळून धरायला म्हणून दुसरा दोरही लावला. पट्टे कुठे कुठे आवळले ते लिहीत नाही. हा लेख घरची मंडळीही वाचतात.

बटण दाबलं. वर जाताना माणूस स्वतःभोवती गिरकी घेतो, हे भाच्याने सांगितलं नव्हतं. त्यामुळे चारही बाजूंच्या खिडक्यांना आळीपाळीने माझं दर्शन घडलं. पहिल्या मजल्यावर कुरडयांच्या मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मी बटण सोडलं नाही.

वर पोचलो तर हुमले. त्या लाल मुंग्यांना माझे पट्टे म्हणजे हमरस्ताच वाटला. एक हात बटणावर, दुसरा दोरावर. खाजवायला तिसरा नाही.

आणि आंबे? दोर टाकायचा तो खोडाजवळच्या जाड फांदीवर, आणि आंबे लागतात डहाळीच्या टोकाला. दोर सरळ खाली लोंबतो, यंत्रही सरळच वर नेतं. सगळ्यात जवळचा घोस माझ्यापासून दोन हात लांब. पाय झाडून झोका घेतला. गिरकी तेवढी उलटी फिरली.

एवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून झेला बाहेर आला. लांब बांबू, टोकाला जाळी आणि पातं. आजींनी देठासकट आंबा अलगद आत घेतला, चिकाचा थेंबही नाही. दुसरा घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वर आलाच आहेस तर सांग रे, तो पानाआडचा पाडाला लागलाय का? मला इथून दिसत नाही."

मी बघून सांगितलं. लागला होता.