ग्रहण, पपई आणि डबीत राहिलेल्या चार गोळ्या

भाचीला तिसरा महिना लागलाय. शाळेत असल्यापासून फिट्स, म्हणून लेव्हेटिरासिटाम सुरू, सकाळ-संध्याकाळ. सोमवारी गेले तर गोळ्यांच्या डबीत शनिवार-रविवारच्या चारही गोळ्या तशाच. "मावशी, हे वाच ना," म्हणत तिने मोबाइल पुढे केला. सासूबाईंच्या भिशीच्या ग्रुपवरून आलेला फॉरवर्ड: ग्रहणात चिरलं-कापलं की बाळाचा ओठ फाटतो, पपईने व्यंग येतं, फोलिकची गोळी उष्ण पडते, आणि ॲलोपॅथीची प्रत्येक गोळी म्हणजे थॅलिडोमाइडसारखं बाळाला व्यंग आणणारं औषधच, तेव्हा दिवस राहताच सगळ्या बंद करून नैसर्गिक औषधं घ्या.

ग्रहणाचं आधी उरकते. बाळाचा ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळून येतो. आठव्या महिन्यात वांगं चिरलं म्हणून तो परत उसवत नाही.

पपई? कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांचं गर्भाशय आकुंचन पावतं, तेव्हा कच्ची टाळा, माझं काही म्हणणं नाही. पण व्यंग कुठून आणलं?

थॅलिडोमाइडचं मात्र खरं आहे, मान्य करावंच लागेल. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत ते विकायला आलं, गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं. 1961 च्या नोव्हेंबरात तिथे मागे घेतलं, पण जगभरात 10,000 च्या वर मुलं व्यंग घेऊन जन्मली, कित्येकांना हातपायच धड नव्हते. फिट्सच्या औषधांतलं व्हॅल्प्रोएटही वाईटच. एरवी 100 बाळांत 2-3 जणांना मोठं व्यंग असतं, व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत साधारण 10 जणांना. म्हणून डॉक्टर ते औषध बदलून देतात, शक्यतो दिवस राहण्याआधीच. भाचीची गोळी लग्न ठरलं तेव्हाच बदलली होती, ती याचसाठी! गोळी एकदम सोडली आणि बाथरूममध्ये मोठी फिट आली तर आई आपटते, बाळाचा ऑक्सिजन कमी पडतो, आणि फिट थांबलीच नाही तर दोघांच्या जिवावर बेततं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे कुणी विचारायचं?

आता ती 'उष्ण' फोलिक. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 7 देशांत चाचणी घेतली, 1991 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आधीच्या बाळाच्या मेंदूत किंवा मणक्यात व्यंग होतं अशा बायकांना फोलिक दिलं, तर तेच व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. बाळाचा मेंदू आणि मणका जिच्यातून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकली की नुसती लांबली याचा हिशेब चालू असतानाच. म्हणून गोळी आधीपासून घ्यायची.

राहिलं 'नैसर्गिक'. हरियाणात मुलगा व्हावा म्हणून बायकांना देतात ती देशी औषधं तपासली, तर काहींत टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, निघालं. दारू आणि मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइन, ज्यांनी खरोखर व्यंग येतं, त्यांचा त्या फॉरवर्डमध्ये शब्द नाही.

भाचीने माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. राहिलेल्या चार एकदम घेऊ नकोस, आजची आत्ता घे, म्हणाले. तिने घेतली. भिशीच्या ग्रुपवर मी हे सगळं टाकलंय. खाली अजून कुणी काही बोललेलं नाही, फक्त एकीने फुलांचं शुभ सकाळ पाठवलंय.