उधारीचा भाव, रोखीचा भाव

आखातातल्या नातेवाइकांकडून फिरत फिरत आलेला एक फॉरवर्ड सध्या बऱ्याच ग्रुपवर दिसतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘इस्लामी बँका व्याज घेत नाहीत, त्यामुळे व्याजदर काहीही होवोत, त्यांचा नफा हलत नाही. तोटा झालाच तर बँक आणि ग्राहक वाटून घेतात. म्हणून २००८ च्या मंदीची झळ त्यांना लागली नाही. शिवाय धर्माचा धाक असल्यामुळे घोटाळे होत नाहीत.’

व्याज घेत नाहीत, हे खरं. तुम्हाला मोटार हवी असेल तर बँक ती आधी स्वतः विकत घेते आणि चढ्या किमतीला हप्त्यांवर तुम्हाला विकते. याला मुराबहा म्हणतात. वाण्याकडे रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा असायचा, तसंच. पण हा उधारीचा भाव ठरतो कसा? सौदीत तो बहुधा सायबोरकडे बघून ठरतो, म्हणजे तिथल्या बँका एकमेकींना ज्या व्याजदराने पैसे देतात त्याकडे.

‘नफा हलत नाही’ हा दावा तर अल राजही बँकेच्या ताळेबंदापुढे टिकतच नाही. सौदीतली ही बँक जगातली सर्वांत मोठी इस्लामी बँक. तिची खरी ताकद चालू खात्यांत आहे. व्याज नको म्हणणारे लाखो खातेदार तिथे पैसे ठेवतात आणि त्यावर काहीच मागत नाहीत. धर्माचा फायदा बँकेला होतो तो इथे, आणि तोही बँकेच्या नव्हे, खातेदारांच्या श्रद्धेमुळे! आता सौदीचं चलन रियाल डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला. त्यामुळे २०२२ पासून अमेरिकेने व्याजदर चढवले तसे सौदीतही चढले. मुदत ठेवींवर परतावा वाढताच लोकांनी चालू खात्यांतले पैसे तिकडे हलवले. बँकेने दिलेली घरकर्जं मात्र बहुतांशी जुन्या, ठरलेल्या दराची आणि लांब मुदतीची. ठेवी महागल्या, येणारं उत्पन्न त्या मानाने वाढलं नाही आणि २०२३ चा नफा आदल्या वर्षीपेक्षा घटला. आपल्याकडचा कुठलाही बँक कर्मचारी हे गणित डोळे मिटून ओळखेल.

तोटा वाटून घेण्याचं म्हणाल तर ते तत्त्वात आहे, व्यवहारात फार थोडं. बहुतेक धंदा मुराबह्यासारख्या ठरलेल्या नफ्याचाच. ठेवीदाराला कमी परतावा दिला तर तो शेजारच्या बँकेत जाईल, या भीतीने बँका चांगल्या वर्षातला नफा राखून ठेवतात आणि वाईट वर्षात त्यातून परतावा सावरतात.

२००८ बद्दल अर्धं श्रेय द्यायला हवं. अमेरिकी घरकर्जांवर रचलेले विषारी रोखे शरियात बसत नव्हते, म्हणून या बँका पहिल्या फटक्यातून बऱ्याचशा वाचल्या. पण त्यांचा पैसा जमीन-बांधकामात अडकलेला होता. दुबईत भाव कोसळले तेव्हा तमवील आणि अमलाक या इस्लामी गृहकर्ज कंपन्यांनी नवी कर्जं देणंच थांबवलं. २००९ च्या अखेरीस नखील या बांधकाम कंपनीचे सुकूक, म्हणजे इस्लामी रोखे, फेडायला अबूधाबीच्या पैशांची मदत घ्यावी लागली. २०१० च्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासातही हेच दिसतं: २००८ मध्ये इस्लामी बँका सरस, पण २००९ मध्ये त्यांतल्या काहींची घसरण जास्त, कारण जोखीम हाताळणं कच्चं.

राहिला धर्माचा धाक. एक गोष्ट मान्य: हप्ता चुकला तर लागणारा दंड बँकेने उत्पन्नात धरायचा नसतो, दानाला द्यायचा असतो. पण शरिया मंडळ, म्हणजे बँकेने नेमलेले धर्मपंडित, फक्त करार धर्मात बसतो का ते तपासतं. कर्ज कोणाला गेलं आणि तो ते फेडणार का, हे बघणं व्यवस्थापनाचं काम. तुर्कस्तानात इहलास फिनान्स या इस्लामी वित्तसंस्थेचा परवाना २००१ मध्ये रद्द झाला. बांगलादेशात थकीत कर्जांखाली दबलेल्या ५ शरिया बँका २०२५ मध्ये एकत्र करायची वेळ सरकारवर आली.