दुखत नाही, तर आलात कशाला?

हे लिहीत असताना माझा डावा गाल माझ्या ताब्यात नाही. भूल उतरायला दोन-तीन तास लागतील, तोवर गरम काही पिऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी घरी येऊन चहा प्यायलो. निम्मा पोटात गेला, निम्मा सदऱ्यावर. पण माझा राग चहावर नाही, गालावर नाही, डॉक्टरीणबाईंवर तर मुळीच नाही. माझा राग आहे दवाखान्याच्या बाकावरच्या त्या म्हाताऱ्यावर. त्यानं मला तासाभरात तिसऱ्या नंबरावरून आठव्यावर नेऊन बसवलं, आणि वर सगळ्यांदेखत माझा गुन्हा जाहीर केला. गुन्हा एवढाच, की माझं काही दुखत नव्हतं.

पाचची वेळ घेतली होती. दवाखान्याची वेळ ही लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखी असते, छापायला लागते म्हणून छापतात, हे मला ठाऊक आहे. तरी मी पाचला पाच कमी असताना हजर. मी दर सहा महिन्यांनी दात साफ करून घेतो. म्हणजे घ्यायचे असतात, एवढं मला माहीत आहे. माझे सहा महिने साधारण दोन वर्षांचे भरतात. पण आमच्या अख्ख्या सोसायटीत काही होत नसताना दातांच्या दवाखान्यात जाणारा मी एकटा, आणि याचा मला कुणाला न सांगता थोडा अभिमानही होता. होता.

बाकावर माझ्या शेजारी पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि मांडीवर स्टीलची गोल डबी घेऊन एक काका बसले होते. डबीत रुमालात गुंडाळलेली खालची कवळी होती. हे मला कसं कळलं, तर त्यांनी ती उघडून दाखवली. मी मागितली नव्हती. पहिल्या दोन मिनिटांत एवढंही कळलं, की त्यांनी ३४ वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, बरीचशी सातारा डेपोत. मग ते माझ्याकडे वळले.

"काय, दाढ?"

"नाही."

"मग हिरडी."

"नाही हो. नुसतं क्लीनिंग."

"त्ये झालं. पर दुखतंय कुठं?"

"दुखत नाही."

काकांनी चष्मा वर सरकवला. "ठणकत बी न्हाई?"

"नाही."

"रातचं?"

"रात्रीपण नाही."

"गार पानी प्यालं की झिणझिण?"

"काका, काहीच होत नाही."

"मग आलाय कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. आयुष्यात फार कमी प्रश्नांची उत्तरं तयार असतात, त्यातलं हे एक. मी म्हणालो, "दुखू नये म्हणून आलोय."

काका बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, पटलं. "म्हंजे," ते शेवटी म्हणाले, "टायर चांगला हाय, पर गाडी पंक्चरवाल्याच्या दारात उभी केलीय."

इथं मी चूक केली. मला वाटलं, याच्याच भाषेत याला चीत करू. म्हणालो, "पंक्चर नाही काका, सर्व्हिसिंग. एसटीचंही व्हायचंच की डेपोत."

'सर्व्हिसिंग' हा शब्द ऐकताच काका बाकाच्या काठावर आले. पुढची वीस मिनिटं मी डेपो, वर्कशॉप, मेकॅनिक, ब्रेक-लायनर आणि कुठल्याशा घाटात मध्यरात्री उभी राहिलेली गाडी यांबद्दल ऐकलं. सार असं, की चालती गाडी सर्व्हिसिंगला धाडली की ती येताना दोन नवे आवाज घेऊन येते. "चालत्या गाडीचं बॉनेट उघडू ने," काका म्हणाले. समोरच्या बाकावरचा, गाल टेनिसच्या चेंडूएवढा झालेला कॉलेजचा पोरगा सुजल्या तोंडानं हसला. अक्कलदाढ यायला लागली होती त्याची. अक्कल बहुधा मागाहून येणार होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण तेवढ्यात गालाला पदर लावून एक बाई आल्या, डोळ्यांत पाणी. बाक भरलेला. काका उठले. उठले म्हणजे कसे, तर एक हात वर, जणू छताला दांडी आहे, आणि दुसऱ्या हातानं गर्दी मागं सारत. दवाखान्यात तशी गर्दी नव्हतीच. "बाई, तुमी बसा हितं. आनि म्होरला नंबर तुमी घ्या. ह्यांचं काय दुखत न्हाई."

'ह्यांचं' म्हणजे माझं. आठ डोकी माझ्याकडे वळली. तोंडाला दारूचा वास येत असलेल्या माणसाकडेही लोक एवढ्या सहानुभूतीशिवाय बघत नाहीत. मी काउंटरवरच्या मुलीकडे पाहिलं. म्हटलं, ही तरी नियमानं जाईल, वहीत माझं नाव तिसरं आहे. तिनं पेन उचललं, मला विचारलं, "सर, तुम्हाला चालेल ना थोडं थांबलं तर?" आणि उत्तराआधी बाण काढून माझं नाव खाली नेलं. काकांनी डबीवर दोनदा टिचकी मारली. टिंग टिंग. डबल बेल. बाई आत गेल्या.

त्या बाईंबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना खरंच त्रास होता. अक्कलदाढवाला गेला, ठीक. चॉकलेट खात दात दाखवायला आलेलं पोरगं गेलं, कारण ते भोकाड पसरत होतं. म्हटलं जाऊ दे. पण मग एक मुलगी आली, तिचंही काही दुखत नव्हतं. तिला दात पांढरे करून घ्यायचे होते. बारा दिवसांवर लग्न. काकांनी क्षणभर विचार केला. एसटीत आमदारांना, स्वातंत्र्यसैनिकांना राखीव सीट असते, तसं एखादं कलम ते आठवत असावेत. "नवरी हाय," त्यांनी निकाल दिला. टिंग टिंग.

"अहो, पण तिचं तरी कुठं दुखतंय?" मी म्हणालो. आवाज जरा चढलाच.

"तिचं काम हाय," काका म्हणाले. मला काम नव्हतं. मी दातांच्या दवाखान्यात हौसेनं आलो होतो.

बसून बसून माणूस वादाला लागतो. काका सांगत होते, त्यांची आई नव्वदीपर्यंत मिसरी लावायची, दवाखाना कसला असतो तिला माहीत नव्हतं, हिरडीतून कधी रक्ताचा थेंब नाही. माझी आत्याही मिसरीवाली. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, त्याचा खाट घरभर सुटायचा, आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. मग तळहातावर ती पूड आणि हिरड्यांवरून तर्जनी फिरवणं पाऊण तास. त्या वेळात घराला आग लागली असती तरी आत्या 'ऊं' एवढंच म्हणाली असती. १९९२ साली केंद्र सरकारनं टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. आत्याच्या तव्यापर्यंत सरकार आलं नाही. तर मी काकांना सांगायला गेलो, की रक्त येत नाही यात मिसरीचं कौतुक नाही. तंबाखूतल्या निकोटीननं हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात. हिरडी आतून खराब होत असते, पण रक्त येत नाही, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठणठणीत.

सगळं बरोबर सांगितलं. पण ऐकणाऱ्यांना एवढंच ऐकू गेलं, की ज्याचं काही दुखत नाही असा एक माणूस, एका म्हाताऱ्याच्या वारलेल्या आईच्या हिरड्यांना नावं ठेवतोय. पदरवाल्या बाई बाहेर येऊन औषध लिहून घेत होत्या, त्यांनीसुद्धा गाल सोडून माझ्याकडे बघितलं.

मग मी गप्प बसलो आणि मनातल्या मनात हिशेब मांडला. हिशेब काकांपाशी थांबेना. गेल्या वर्षी मी मेडिक्लेमची पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली. हृदय आहे, मूत्रपिंड आहे, मोतीबिंदू आहे. दात नाहीत. अपघात होऊन दवाखान्यात भरती झालात तर दातांचं बघू, एरवी नाही. बहुतेक पॉलिसींत हेच. म्हणजे कंपनीच्या हिशेबी दात शरीरात येतात ते ट्रकनं धडक दिल्यावर. महिन्याच्या महिन्याला हप्ता घेतात, आणि मी चारशे-पाचशेचं कीटण काढून पुढचं वीस हजारांचं रूट कॅनाल वाचवतोय, याचं कुणाला काही नाही. ऑफिसात 'दाढ काढायचीय' म्हटलं की रजा मिळते. 'दात साफ करायचेत' म्हटलं तर साहेब विचारतात, घरी ब्रश नाही का? काका निदान तोंडावर बोलत होते. बाकीचे तेच छापील फॉर्मवर बोलतात.

असो. चिडलो की मी फॉर्मवर जातो.

आता दवाखान्यात काका आणि मी दोघंच उरलो. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "काका, एवढ्यांना पुढं सोडलंत. तुमचं तरी काय दुखतंय?"

काकांनी डबी हलवली. आत कवळी वाजली.

"आमचं दुखायला ऱ्हायलंय काय?"

खालची कवळी जेवताना उठते, म्हणून माप द्यायला आले होते ते. दात गेले की खालचा जबडा वर्षानुवर्षं झिजत जातो, कवळीला धरायला जागा उरत नाही. शेंगदाण्याचा कूट करून खातो, म्हणाले. भाकरी कालवणात भिजवून. हे सांगताना आवाजात कंडक्टर नव्हता. मग लगेच आला. "जावा, तुमचा नंबर. न दुखनारे!" टिंग टिंग.

आत डॉक्टरीणबाई माझ्या भाचीएवढ्या. "काका, आ करा." बाहेर मी ज्याला काका म्हणत होतो तो बहात्तरचा, आत मी काका. आ केला.

"फ्लॉस करता का?"

आ केलेल्या तोंडानं खोटं बोलणं फार सोपं असतं. "आं," मी म्हणालो. त्यांनी आरसा फिरवला, दोन दाढांच्या मधून काहीतरी काढलं आणि मला दाखवलं. दुपारच्या मेथीचं होतं. पुढं कुणी काही बोललं नाही.

"घासता की खरवडता?" हा पुढचा प्रश्न. हिरडीलगत दातांना खाचा पडल्यात म्हणे. मी तीस वर्षं कडक ब्रश वापरतो, कारण मऊ ब्रशनं घासल्यासारखं वाटत नाही. आमच्या आईचं सूत्र होतं, भांडं आणि दात, जोर लावल्याशिवाय निघत नाहीत. शिवाय मी ब्रशवर जाहिरातीतल्यासारखी टोकदार लाट काढतो. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, बाई म्हणाल्या, आणि सकाळी दोन मिनिटं, रात्री दोन मिनिटं, मऊ ब्रशनं. मी गणित केलं. तीस वर्षांची लाट वजा वाटाणा. बरीच ट्यूब होते.

मग ती सळई आली, सेकंदाला २५,००० पेक्षा जास्त वेळा थरथरणारी, तोंडात पाण्याचा फवारा उडवणारी. खालच्या पुढच्या दातांच्या मागं, जिथं लाळेच्या ग्रंथी उघडतात, तिथं कीटण सगळ्यांत जास्त साचतं. माझं दोन वर्षांचं 'सहामाही' कीटण तिथून कडाकड निघत होतं. जीभ लावून पाहिली तर दातांमागं एकदम मोकळं अंगण. याच मोकळेपणाला घाबरून लोक म्हणतात, साफ केल्यावर दात हलायला लागतात. हलत नाहीत. जिला भिंत समजत होतो ती घाण होती, एवढंच.

तेवढ्यात बाईंनी मदतनीस मुलीला सांगितलं, "थ्री सिक्स. लिही."

आधी वाटलं, सीट नंबर. बाहेरच्या संगतीचा परिणाम. पण दातांनाही नंबर असतात: तीन म्हणजे खालची डावी बाजू, सहा म्हणजे मधून मोजत गेलं की सहावा. छत्तीस. आमचं दोघांचं पटत नव्हतं हे मला आधीच कळायला हवं होतं, आकडाच तसला. ही दाढ सहाव्या वर्षी येते, घरचे तिला दुधाची समजतात, पडेल म्हणून कुणी बघत नाही, आणि ती जन्मभर राहते. तिच्या खाचेत काळी रेघ होती. कीड.

"पण दुखत नव्हतं!" मी सळईच्या बाजूनं ओरडलो.

"काका, वरच्या कवचाला संवेदनाच नसते. दुखायला लागतं ते कीड आत पोचल्यावर. बरं झालं आलात."

बरं झालं आलात! हे वाक्य कुणीतरी मोठ्यानं बाहेर जाऊन म्हणावं असं मला फार वाटलं. पण बाईंनी सुई टोचली, छत्तीस नंबर कोरला, भरला, निळा दिवा लावून वाळवला, आणि मला बधिर गालासकट उठवलं.

बाहेर काका एकटेच, डबी मांडीवर.

"काय निघालं?"

मी एक बोट वर केलं.

"कीड?"

मान हलवली. मला सांगायचं होतं, बघा, म्हणून यायचं असतं. न दुखताच यायचं असतं. वाक्य तयार होतं, दोन तास घासूनपुसून. पण डाव्या गालातून 'फ्फ' एवढंच आलं, आणि हनुवटीवर थोडी लाळ.

काकांनी समजुतीनं मान डोलावली. उठले, पायजमा झटकला, आणि दाराशी जाऊन मागं वळून म्हणाले,

"बघा. आलात म्हनून निघाली."

टिंग टिंग.