त्या जनरलने बाळाला वाचवलं वगैरे काही नाही

काल मावशीने फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला. फोटोत गणवेशातला गोरा जनरल, हातात बाळ. मजकूर असा, की १८९० साली अमेरिकेत रेड इंडियन लोकांशी लढाई झाली, जनरल कोल्बीला रणांगणावर शत्रूचं अनाथ बाळ सापडलं, त्याला कुणीच नव्हतं, जनरलने पोटच्या पोरीसारखं वाढवलं आणि पुढे ती सिनेनटी झाली. खाली 'माणुसकीला जात नसते'. दुपारपर्यंत आईने तो सोसायटीच्या ग्रुपवरही पाठवला होता, आणि रात्री फोनवर मला वाचून दाखवताना तिचा आवाज भरून आला. म्हणून हे लिहितेय.

आधी ती 'लढाई'. २९ डिसेंबर १८९०, साउथ डकोटातलं वुंडेड नी. लकोटा या तिथल्या मूळनिवासी लोकांचा एक प्रमुख बिग फूट न्यूमोनियाने आडवा पडलेला, त्याची साडेतीनशेच्या आसपास माणसं आदल्या दिवशीच सैन्याच्या ताब्यात आलेली, त्यात निम्म्याहून जास्त बायका-पोरं. सकाळी सैनिक हत्यारं काढून घेत होते, कुठूनतरी गोळी सुटली आणि चार हॉचकिस तोफा तळावर सुरू झाल्या. दीडशेपासून तीनशेपर्यंत मेल्याचे आकडे सांगतात. ह्याला कत्तल म्हणतात.

आता 'कुणीच नव्हतं', हे वाचून माझं डोकं फिरलं. एकतर कोल्बी तिथे नव्हताच. तो नेब्रास्काच्या नॅशनल गार्डचा, म्हणजे त्या राज्याच्या राखीव सैन्याचा, काही दिवसांनी पोचला. कत्तलीनंतर हिमवादळ आलं, चौथ्या दिवशी प्रेतं उचलायला माणसं गेली तेव्हा मेलेल्या आईच्या गोठलेल्या अंगाखाली हे काही महिन्यांचं बाळ जिवंत होतं. डोक्यावर मण्यांचं काम केलेली टोपी, आणि त्या मण्यांमध्ये काय विणलं होतं तर अमेरिकेचा झेंडा! एकेक मणी ओवून केलेला तो झेंडा लेकीच्या डोक्यावर होता आणि तोच झेंडा घेऊन आलेल्या सैन्याने तिच्या आईला मारलं. मेसेजमध्ये आईचा साधा उल्लेखसुद्धा नाही. नंतर बाळाला लकोटा बायकांनीच सांभाळलं, झिंटकाला नुनी म्हणजे हरवलेला पक्षी हे नावही त्यांचंच, आणि त्यांना ती द्यायची नव्हती. कोल्बीने दबाव आणून मिळवली, त्याला कत्तलीची आठवण म्हणून घरी न्यायला काहीतरी हवं होतं. कुणीच नव्हतं म्हणे!

'पोटच्या पोरीसारखं' हेही खोटं. दत्तक घेताना त्याने बायकोला विचारलंसुद्धा नाही, ती तेव्हा वॉशिंग्टनला होती. पुढे मुलीच्या आयेशी संबंध जुळल्यावर बायकोला आणि मुलीला सोडून गेला. सतरा वर्षांची असताना झिंटका त्याच्या घरी परत आली, तिथे तिला दिवस गेले, तर त्याने तिला सुधारगृहात पाठवलं. बाळ मेलेलंच जन्मलं.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, मनाविरुद्ध का होईना. त्याची बायको क्लारा, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी, पेपर चालवणारी, तिने मुलीवर खरंच जीव लावला आणि पैशांची ओढाताण असूनही जमेल तसं वाढवलं. पण मेसेजमध्ये कौतुक सगळं जनरलचं, क्लारा त्यात नाहीच.

सिनेनटी म्हणाल तर मूकपटांत आणि खेळ-तमाशांत बारीकसारीक कामं. १९२० मध्ये कॅलिफोर्नियात फ्लूच्या साथीत गेली, वय २९.

राहिली 'माणुसकी'. अशी मुलं गोऱ्या घरांत आणि संस्थांत नेणं इतकं सर्रास चालायचं, की १९७८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. तेव्हाच्या पाहणीत मूळनिवासी मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुलं घरच्यांपासून तोडलेली निघाली. म्हणजे चारातलं एक तरी. ह्यातल्या प्रत्येकाला 'कुणीच नव्हतं' का?

१९९१ च्या जुलैमध्ये लकोटा लोकांनी तिचे अवशेष कॅलिफोर्नियातून उकरून वुंडेड नीला आणले आणि कत्तलीत मेलेल्यांच्या सामूहिक थडग्याशेजारी पुरले. शंभर वर्षांनीसुद्धा तिला न्यायला आली ती तिचीच माणसं. मावशीला फोन करून हे सगळं सांगितलं, तिने मेसेज काढला. आई, सोसायटीच्या ग्रुपवरचा अजून तसाच आहे, तिथे खाली हे टाक.