गेर गच्चीवरून बघायची की रस्त्यावरून?

दर रंगपंचमीला आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. एक पार्टी म्हणते इंदूरची गेर म्हणजे जगात भारी, युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलीच पाहिजे. दुसरी पार्टी म्हणते कसली संस्कृती, डीजे, पाण्याची नासाडी, आणि बायकांनी पाय ठेवायची सोय नाही. मग कोणीतरी कोलोनच्या कार्निव्हलचा व्हिडिओ टाकतं आणि मला टॅग करतं, "बघ गं, तुमच्याकडे कशी शिस्तीत उभी राहतात लोकं". मी राहते बॉनमध्ये, ऱ्हाइनच्या पलीकडे बॉयल म्हणून भाग आहे तिथे, कोलोन ट्रेनने अर्ध्या तासावर, त्यामुळे दोन्ही पार्ट्यांना साक्षीदार म्हणून मीच हवी असते. तर घ्या साक्ष.

ज्यांना गेर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. होळीनंतर पाचव्या दिवशी टोरी कॉर्नर, संगम कॉर्नर, रसिया कॉर्नर अशा वेगवेगळ्या कोपऱ्यांवरची मंडळी आपापल्या गेरी काढतात, टँकरला मोटर लावून रंगाचं पाणी तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत उडवतात, गुलालाचे लोट वर जातात आणि सगळं वाजतगाजत राजवाड्याशी येऊन मिळतं. होळकरांच्या काळी राजघराणं प्रजेबरोबर रंग खेळायला निघायचं तेव्हापासूनचं हे, असं आमच्याकडे सांगतात. आणि गेर संपली की महापालिकेचे सफाईमित्र झाडू आणि मशिनी घेऊन उतरतात आणि थोड्याच वेळात रस्ता होता तसा करतात, त्यात आम्हा इंदूरवाल्यांचा जीव फार गुंतलेला.

आता शिस्तीचं. रोझनमोंटागला, म्हणजे ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आधीच्या सोमवारी, कोलोनला मोठी मिरवणूक निघते. आई इकडे होती तेव्हा तिला, लेकीला, आमच्या नागपूरवाल्या वहिनींना आणि ऑफिसातल्या दोघांना घेऊन गेलो होतो. पोहे डब्यात, वरून शेव वेगळ्या पुडीत, हे सांगायला नकोच. कडाक्याची थंडी, पोरं वाघ-मधमाशी-समुद्री चाचा असे कपडे चढवून, आत दोन स्वेटर, आणि रथ आला की "कमेले, कमेले" ओरडत उलटी छत्री धरतात कारण वरून गोळ्या-चॉकलेटं अक्षरशः मूठमूठ फेकतात. आईने पहिल्या पाच मिनिटांत छत्री उलटी केली. तिथे मुट्सेन म्हणून तळलेला पदार्थ मिळतो तो चाखून म्हणाली शंकरपाळेच की हे, फक्त वरून पिठीसाखर भुरभुरवलीय. मजा आली, खूप आली, नाही म्हणत नाही.

पण तुमच्या व्हिडिओत जे दिसत नाही तेही सांगते. त्याच शहरात 11 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजून 11 मिनिटांनी कार्निव्हलचा सीझन सुरू होतो, तेव्हा झ्युल्पिशर श्ट्रासे नावाच्या रस्त्यावर सकाळपासून कॉलेजची पोरं पिऊन पडलेली असतात, काचेच्या बाटल्यांवर बंदी घालावी लागते, लोकांच्या दारात मुतण्यावरून तिथले रहिवासी वर्षानुवर्षं भांडतायत. बायकांना कोणी त्रास दिला तर पटकन शिरता यावं म्हणून एडेलगार्ड नावाने सुरक्षित जागा ठरवून द्याव्या लागल्या आहेत. तेव्हा जर्मन माणूस जन्मतःच शिस्तीचा असतो वगैरे काही नाही हो. तोच माणूस रोझनमोंटागला मिरवणुकीत नीट उभा असतो आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी झ्युल्पिशरला भिंतीला टेकून ओकत असतो.

फरक पडतो तो तयारीने. 1823 पासून तिथे मिरवणूक काढणारी कमिटी आहे, रथांची गाडीसारखी तांत्रिक तपासणी होते, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मोठ्या रथांच्या चाकांपाशी चालायला माणसं नेमलेली असतात, गोळ्या वेचायला वाकलेलं पोर चाकाखाली येऊ नये एवढंच त्यांचं काम. त्यांना तिथे रथाचे देवदूत म्हणतात. 2025 च्या गेरमध्ये आपल्याकडे गाडीखाली येऊन एक माणूस गेला. त्यावर ग्रुपवर दोन दिवस हळहळ झाली आणि मग परत युनेस्को.

युनेस्कोचंही एकदा बघून घ्या. बेल्जियममधल्या आल्स्ट गावाचा कार्निव्हल 2010 मध्ये त्या यादीत गेला होता आणि 2019 मध्ये ज्यूंची टिंगल करणाऱ्या रथांमुळे यादीतून काढला. कोलोन-बॉनचा ऱ्हाइनकाठचा कार्निव्हल जर्मनीच्या देशातल्या यादीत आहे, युनेस्कोच्या जागतिक यादीत नाही, म्हणून काही कोणी मिरवणुकीला यायचं थांबलेलं नाही. शिक्का मिळाला तर आनंदच आहे, कलकत्त्याच्या दुर्गापूजेला 2021 मध्ये मिळालाच की. पण शिक्का मिळाल्याने माझी भाची राजवाड्याशी रस्त्यावर उभी राहू शकणार आहे का?

कारण खरा प्रश्न तोच आहे आणि तो दोन्ही पार्ट्या टाळतात. आमच्या लहानपणी गेर म्हणजे पुरुष रस्त्यावर आणि आम्ही बायका-पोरी कोणाच्या तरी गच्चीवर. वरून बादल्या ओतायच्या, खालून फवारा आला की किंचाळायचं, मजा यायची, पण खाली जायचं नाही. आता तर गच्चीवरच्या जागांची पाहुण्यांसाठी आधीपासून सोय होते, म्हणजे जी आमची नाइलाजाची जागा होती तिचं आता टुरिझम झालं.

आणि मला कोणी सांगू नका की इंदूरची गर्दीच तशी. अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे देखाव्याच्या रथांची मिरवणूक, आठवा. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, या कापडगिरण्यांच्या मजुरांनी सुरू केलेली, शंभर वर्षांची परंपरा. रात्रभर सगळं शहर रस्त्यावर, आजी ओट्यावर सतरंजी टाकून, पोरं बापाच्या खांद्यावर झोपलेली, आखाड्यांचे पठ्ठे लाठी फिरवतायत, आणि आम्ही मावश्या-आत्या-बहिणी पहाटेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसलेल्या. शहर तेच, जुन्या इंदूरचे रस्तेही बरेचसे तेच. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, मजुरांना थकलेले पैसे मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला, पण मधल्या वर्षांत त्यांनी वर्गणी काढून, महापालिकेकडे हात पसरून झांक्या काढल्याच. कोणाची झांकी कोणामागे, कोण कुठून निघणार हे ठरलेलं असतं. बघायला येणारं माणूस म्हणजे आपलंच घर, हे त्या मजुरांना कोणी शिकवावं लागलं नाही, कारण त्यांचीच बायकापोरं बघायला आलेली असायची.

आता माझ्या मोहल्ल्याची गोष्ट, बॉयलची. 1824 मध्ये इथल्या धोबिणींनी स्वतःची कमिटी काढली. कोलोनच्या लोकांचे कपडे धुवून ह्यांचे हात सोलवटायचे आणि नवरे कार्निव्हलमध्ये झिंगून यायचे, तर त्यांनी ठरवलं की रोझनमोंटागच्या आधीचा गुरुवार आमचा. आजही त्या गुरुवारी बायका बॉयलच्या टाउन हॉलवर चाल करून जातात, ऑफिसात पुरुषांचे टाय कापतात (माझ्या बॉसने कापायला म्हणून स्वस्तातला टाय ठेवलाय), आणि धोबी-राजकन्या निवडली जाते. कोणी त्यांना जागा करून दिली नव्हती, त्यांनी घेतली.

आपल्याकडे हे होऊच शकत नाही म्हणणाऱ्यांनी नृसिंह बाजारातून निघणारी राधाकृष्ण फाग यात्रा बघावी. रंगपंचमीच्याच दिवशी, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने चालतात, गच्चीवरून नाही. मग बाकीच्या गेरींना काय धाड भरलीय? थोडी दारू रोखा, चाकापाशी माणसं ठेवा, डीजेच्या भिंतींऐवजी ढोल-ताशे पुढे काढा, आणि गेरीच्या गाड्यांवरचे नेत्यांचे फ्लेक्स उतरवा. इकडे ड्युसलडॉर्फला रथावर नेत्यांची टर उडवतात, रथ सकाळपर्यंत झाकून ठेवतात की कोणाची उडवलीय ते कळू नये. आपल्याकडे रंगपंचमीच्या आदल्या दिवशी बजरबट्टू नावाच्या हास्यसंमेलनात नेते स्वतः सोंग घेऊन येतात, म्हणजे विनोद कळतो त्यांना, मग दुसऱ्या दिवशी लगेच गेरीच्या गाडीवर हात जोडलेला फोटो कशाला?

काकू म्हणतील तिकडे बसून बोलायला काय जातंय. बरोबर आहे, म्हणून यंदा रंगपंचमीला येतेय. लेकीला घेऊन फाग यात्रेत चालणार आहे, आईही येणार म्हणते, गुडघ्यांनी तक्रार केली तर वाटेत कोणाच्या तरी ओट्यावर बसवू. दादा, तुझी गच्ची पाहुण्यांना देऊन टाक.