डीपी गेला

"तुमच्याकडे काही... झालं का?" सेक्रेटरी काकांनी लिफ्टमध्ये दबक्या आवाजात विचारलं. हातात भाजीची पिशवी, चेहरा दहाव्याला आल्यासारखा.

"नाही हो. का?"

"डीपी गेला ना तुमचा. म्हटलं, घरात कोणी..."

गेला नव्हता, लपवला होता. ओळखीतल्या एकाचा फोटो लावून कुणीतरी त्याच्या सासऱ्यांकडे पैसे मागितले, म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत जाऊन प्रोफाइल फोटो 'एव्हरीवन'वरून 'माय कॉन्टॅक्ट्स'वर आणला. ज्यांचे नंबर सेव्ह आहेत त्यांनाच दिसतो, असं काकांना सांगितलं.

"पण माझ्याकडे आहे की सेव्ह. 'बी सातशे तीन पार्किंग'."

"तुमच्याकडे असून उपयोग नाही काका. माझ्याकडे तुमचा पाहिजे."

इथे थांबायला हवं होतं. त्यांचा मजला आला, दार उघडलं. काकांनी एक पाय बाहेर टाकला आणि दुसरा आतच ठेवला. लिफ्ट टिंगटिंग करायला लागली.

"म्हणजे माझा नंबर तुमच्याकडे नाही."

"ग्रुपवर दिसतं ना नाव..."

ग्रुपवर काय दिसतं, ते काय सांगू? नंबर सेव्ह नसला की माणसाने स्वतःच लावलेलं नाव नागमोडी रेघेसकट दिसतं. आमच्या ग्रुपवर तीन 'ओम साई' आहेत. पाणी कधी येणार, हे एक ओम साई विचारतो. येणार नाही, हे दुसरा सांगतो. तिसरा दोघांना हात जोडतो. यातले काका कोणते, हे मला त्या दिवशीपर्यंत ठाऊक नव्हतं.

"तीन टर्म सेक्रेटरी आहे मी," काका म्हणाले. मग एकदम, "पाचशे दोनवाल्यांना दिसतो फोटो?"

"दिसत असेल."

"त्यांचा मेंटेनन्स थकलाय!"

टिंगटिंग चालूच. वरून कुणीतरी दार लावा म्हणून ओरडलं.

"करा सेव्ह. माझ्यासमोर करा. आधी 'सेक्रेटरी' लिहा. नुसतं काका नको, काका छप्पन असतील तुमचे."

मी लिहिलं. काकांनी आपला फोन काढला. अक्षरं इतकी मोठी केलेली, की एका ओळीत दीड शब्द. माझा फोटो उमटल्यावर त्यांनी तो दोन बोटांनी ताणून नीट पाहिला.

"जुना आहे हो. यात केस आहेत."

आणि गेले.

आता मला सांगा, काकांच्या व्हॉट्सअ‍ॅप प्रोफाइलवरच्या 'अबाउट'च्या ओळीत त्यांनी फोन घेतल्यापासून 'अ‍ॅट द मूव्हीज' आहे. कुठला सिनेमा, इंटरव्हल कधी, असं मी कधी विचारलंय? स्वतःचं तोंड झाकायलाही सोसायटीचं एनओसी लागणार असेल तर कठीण आहे. बरं, गेटवरच्या रजिस्टरात येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, मोबाइल नंबर आणि कुणाकडे आलाय, हे सगळं टेबलावर उघडं पडलेलं असतं. कुणीही यावं, पान उलटावं, फोटो काढून न्यावा. त्याबद्दल मी मीटिंगमध्ये बोललो तर "कोण कशाला वाचतंय?" म्हणून हसले होते. माझा डीपी मात्र कोण कशाला बघतंय, असं कुणी म्हणालं नाही.

खरा भुर्दंड पुढेच होता. व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस दिसायला दोघांकडे एकमेकांचा नंबर लागतो. काकांकडे माझा होताच, आता माझ्याकडे त्यांचा आला. तेव्हापासून पहाटे विठ्ठल, मग सुविचार, मग मुतखड्यावर उपाय, दुपारी नातू, संध्याकाळी पुन्हा मुतखडा. मी गुपचूप म्यूट केलं.

काल जिन्यात गाठलंच. "स्टेटस बघत नाही तुम्ही. बघणाऱ्यांत नाव नसतं."

रीड रिसीट्स, म्हणजे त्या निळ्या टिका, बंद ठेवल्या की बघूनही नाव येत नाही, हे वाक्य जिभेवर आलं होतं. गिळलं.

"पाचशे दोनवाले बघतात रोज," काका म्हणाले.

"आणि त्यांचा मेंटेनन्स?"

"तो वेगळा विषय आहे."