‘हे केव्हाच जमले आहे’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

चष्म्याविना त्रिमितीय (थ्री-डी) चित्रपट अजून चित्रपटगृहांत का दिसत नाही, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा आपल्याच शब्दांत देतो : ‘मॉस्कोत १९४१ साली जमले, एमआयटीत (अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत) आपल्या नाशिकच्या माणसाने २०१४ साली एकाच प्रोजेक्टरवर करून दाखवले, आणि तरीही ते अजून जमलेले नाही असे सांगणे ही लबाडी आहे, लबाडी नसेल तर अडाणीपणा आहे.’ याशिवाय मोबाइल, लहान मुलांचे डोळे आणि इंडिया गेटवरची ‘होलोग्राम’ म्हणून गाजलेली नेताजींची प्रतिमा असे आणखी तीन मुद्दे आपण मांडले आहेत.

प्रथम लबाडीविषयी. लेखकाला विषय कळलेला नाही असे म्हणण्याचा वाचकाचा हक्क मी कधीच नाकारलेला नाही. लबाडीच्या आरोपात मात्र हेतू गृहीत धरलेला असतो. मला ठाऊक असलेले मी दडवले आणि दडवण्यात माझा काही लाभ होता, असे आपले म्हणणे असेल, तर तो लाभ कोणता हेही आपण लिहायला हवे होते. चष्मे बनवणाऱ्या वा विकणाऱ्या कोणाशीही आज माझा व्यवहार नाही. प्रकाशशास्त्रावरील चर्चेत दुसऱ्याच वाक्याला समोरच्याच्या सचोटीवर घसरण्याची काय गरज होती, हे मला खरोखर कळलेले नाही. आपले वाचन चांगले आहे हे प्रतिक्रियेवरून दिसते, म्हणून तर ते अधिक खटकले.

मॉस्कोच्या प्रयोगाला मी लेखात एकच वाक्य दिले, ही आपली तक्रार रास्त आहे. त्या प्रयोगाची योग्यता त्याहून मोठी आहे. ती उणीव येथे भरून काढतो, म्हणजे तो प्रयोग कोणाच्या बाजूने साक्ष देतो हेही वाचकांना ठरवता येईल.

सोव्हिएत संशोधक सेम्योन इव्हानोव्ह यांनी १९४१ साली मॉस्कोत उभारलेल्या पडद्यापुढे तांब्याच्या सुमारे ३०,००० बारीक तारांची जाळी होती. डाव्या आणि उजव्या डोळ्यांसाठीची चित्रे त्या जाळीतून पडद्यावर पडत आणि उभ्या पट्ट्यांत विभागली जात. प्रेक्षकही त्याच जाळीच्या फटींतून पाहत असल्यामुळे एका डोळ्याला एका चित्राच्या पट्ट्या दिसत आणि दुसऱ्याला दुसऱ्याच्या. तारा समांतर न ठेवता पंख्याच्या काड्यांप्रमाणे एका दिशेला जुळत नेल्या होत्या, कारण पुढच्या आणि मागच्या रांगांचे अंतर निराळे असूनही दोन्हीकडे चित्रे योग्य त्या डोळ्यांपर्यंत पोहोचायला हवी होती. तारांची जाळी प्रकाश अडवते, ही तिची मोठी अडचण. म्हणून पुढे तारांच्या जागी काचेच्या अरुंद भिंगांचा पडदा आला आणि १९४७ साली त्यावर ‘रॉबिन्सन क्रूसो’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट दाखवला गेला. आयझेनस्टाईनसारख्या दिग्दर्शकाने त्या तंत्राच्या बाजूने लेख लिहिला. हे सारे खरे आहे आणि थोर आहे.

पण त्या सभागृहात बसायचे कसे, हे तुम्ही सांगत नाही. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. अशा पडद्यापुढे त्याच मापाच्या अरुंद पट्ट्यांत डावे आणि उजवे चित्र आळीपाळीने पोहोचते. डोके त्या पट्ट्यांत नेमके असेल तोवर चित्राला खोली असल्याचे दिसते. ते बाजूला सरकले की डाव्या डोळ्याला उजवे चित्र मिळते आणि पुढचे मागे गेल्यासारखे भासते. शिवाय चित्रे दोनच असल्यामुळे कोणत्याही आसनावरून पाहिले तरी वस्तूची तीच बाजू दिसते. माझ्या लेखातील मूळ वाक्य ‘प्रेक्षकाला मोकळेपणाने बसून पाहता येईल असे चष्म्याविना त्रिमितीय प्रक्षेपण चित्रपटगृहात अजून जमलेले नाही’ असे होते. उद्धृत करताना त्यातले पहिले सहा शब्द तुम्ही गाळलेत. आता लबाडी कोणाची, हे मी विचारत नाही.

‘मोकळेपणाने’ ही अट मी टेबलापाशी बसून सुचलेली म्हणून घातलेली नाही. २००९ नंतर त्रिमितीय चित्रपटांची लाट आली, तेव्हा मी पश्चिम महाराष्ट्रातील थिएटरांत त्यांची यंत्रणा बसवण्याचे काम करीत होतो. ध्रुवित, म्हणजे ज्याच्या लहरी ठरावीक रीतीनेच कंप पावतात अशा, प्रकाशाचे चष्मे चालावेत म्हणून पांढरा पडदा उतरवून चंदेरी पडदा लावावा लागे, कारण साध्या पडद्यावरून परतताना प्रकाशाचे ध्रुवण टिकत नाही. नेहमीच्या चित्रपटासाठी १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) उजेड हे प्रमाण मानले जाते. चष्म्यातून साडेचार मिळाला तरी आम्ही समाधानी असू. एका मालकाने पडद्याचा खर्च वाचवून पांढऱ्या पडद्यावरच खेळ लावला आणि मध्यंतरापूर्वीच पब्लिक प्रोजेक्टरच्या केबिनच्या दाराशी आले, हे मी पाहिलेले आहे. त्या अंधारात माणसे कशी बसतात तेही पाहिले आहे. आजी नातवाला मांडीवर घेते, पुढे उंच माणूस आला की मागचा मान वाकडी करतो, मित्र कुजबुजायला एकमेकांकडे झुकतात, आणि अर्ध्या तासाने निम्मे थिएटर खुर्चीत घसरून बसलेले असते. साडेसहा सेंटिमीटरांची शिस्त या प्रेक्षकाला कोण लावणार? तुम्ही अशा किती खेळांना केबिनमध्ये उभे राहिला आहात?

आता एमआयटी. रमेश रासकर नाशिकचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, याचा अभिमान बाळगायला मला तुमच्या आठवणीची गरज नव्हती. मॅथ्यू हर्श, गॉर्डन वेट्झस्टीन आणि रासकर यांनी २०१४ साली मांडलेल्या प्रोजेक्टरमध्ये प्रकाशाला आकार देणारी द्रव-स्फटिकाची (एलसीडी) दोन पटले एकामागे एक असतात, आणि त्यातून निघणारे किरण भिंगांचा खास पडदा अधिक रुंद कोनात पसरवतो. शेजारच्या दोन कोनांतून दिसणारी दृश्ये बरीचशी सारखी असतात, या साम्याचा फायदा घेऊन दर चौकटीसाठी (फ्रेमसाठी) सहा आकृत्यांतून आठ कोनांची दृश्ये तयार केली जातात. कल्पना अत्यंत सुंदर आहे. मात्र त्या सहा आकृत्या डोळ्याला एकत्र भासाव्यात म्हणून पटले सेकंदाला २४० वेळा बदलावी लागतात आणि हाती ४० चौकटी येतात. म्हणजे प्रोजेक्टर एकच राहिला आणि किंमत वेळेच्या रूपाने मोजली गेली.

माझ्या लेखाचा मुद्दा हाच होता. प्रत्येक दिशेला वेगळे चित्र द्यायचे असेल, तर ती जास्तीची माहिती कोठून तरी आणावी लागते. तोशिबाच्या ५५ इंची चष्माविरहित दूरचित्रवाणी संचात ३८४० × २१६० बिंदू (पिक्सेल) होते. नऊ दिशांत ते वाटल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला १२८० × ७२० आले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी बिंदू वाटण्याऐवजी प्रोजेक्टर वाढवले : माणसाएवढी एक आकृती १३५ अंशांच्या टप्प्यात दाखवण्यासाठी २१६ प्रोजेक्टर, म्हणजे दर ०.६२५ अंशाला एक. यातली कोणतीही वाट फुकटची नाही.

शिवाय २०१४ साली प्रश्न सुटला असता, तर त्याच एमआयटीतील दुसरा गट इस्रायलच्या वाइझमन संस्थेबरोबर २०१६ साली चित्रपटगृहासाठी तोच प्रश्न घेऊन का बसला असता? प्रेक्षकाचे डोके आपल्या आसनाच्या रुंदीपलीकडे जात नाही, तेव्हा तेवढ्याच टप्प्याची दृश्ये आरसे आणि भिंगांनी प्रत्येक आसनाकडे पुन्हा पुन्हा पाठवावीत, ही त्यांची युक्ती. सुटेल तर बहुधा याच वाटेने सुटेल, असे माझे मत आहे. परंतु त्यांच्या नमुन्यात आरसे-भिंगांचे ५० संच होते आणि पडदा लिहायच्या कागदाएवढा होता.

उरलेले तीन मुद्दे थोडक्यात. चष्म्याविना त्रिमितीय चित्र दाखवणारा मोबाइल किंवा २०११ सालच्या निन्टेंडोच्या खेळयंत्राचा पडदा एका माणसाच्या हातात असतो. पाचशे आसनांच्या सभागृहाशी त्याची तुलना करणे मला पटत नाही. मुलांच्या डोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. इंडिया गेटवर जानेवारी २०२२ मध्ये दिसलेली नेताजींची प्रतिमा २८ फूट उंच आणि ६ फूट रुंद पारदर्शक पडद्यावर ३०,००० ल्युमेनच्या प्रोजेक्टरने टाकलेली होती, आणि पाहणाऱ्याच्या दोन्ही डोळ्यांना त्यात एकच चित्र मिळत होते.

प्रेक्षकाने मान हलवली तरी चित्राची खोली न मोडणारे, चष्म्याविना चालणारे आणि आज तिकीट काढून जाता येईल असे एखादे त्रिमितीय चित्रपटगृह तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याचे नाव, पडद्याची रुंदी आणि आसनसंख्या येथेच लिहावी. विशेषणे नकोत.